आढ्यापासून जोत्यापर्यंत

कर्जत-खालापुरात घर कसं बांधलंय ते जुलैत कळतं. वास्तुशांतीच्या दिवशी सगळीच घरं चांगली दिसतात. आषाढातली झड बसली की कुणाच्या भिंतीला ओल आली, कुणाकडे माजघरात पातेलं ठेवावं लागतंय, कुणाच्या जोत्याला पाणी लागलं, याची बातमी गावभर होते. मी नेरळची. वडील सुतार होते. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि याच दोन तालुक्यांत लहान कामं घेते. जुन्या घरांची दुरुस्ती, कौलं उतरवून पुन्हा चढवणं, दोन खोल्यांचं नवं घर, वाडीवरचं एखादं घरकुल. द्रुतगती मार्गावरून जाताना मोठमोठ्या टाउनशिपांचे फलक सगळ्यांना दिसतात. मला लिहायचंय ते लहान बांधकामांबद्दल, कारण इथल्या बहुतेकांचा संसार त्यांतच होतो, आणि त्यांतली काही कामं लांबून येऊन पाहावीत इतकी चांगली आहेत.

आधी पावसाचा हिशोब मांडते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होतं. कर्जतला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. सरकारी घरकुलाचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. गुणाकार केला तर त्या एवढ्याशा घराच्या डोक्यावर एका पावसाळ्यात 87,500 लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. त्यातलं निम्म्याहून अधिक जुलै-ऑगस्टमध्ये येतं आणि नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपं येतं. माथेरानच्या माथ्यावर तर वर्षाचा आकडा पाच हजार मिलिमीटरच्या पलीकडे जातो. हे पाणी कुठून उतरणार आणि उतरून कुठे जाणार, याचं उत्तर ज्या घराच्या नकाशात नाही तो नकाशा या भागासाठी काढलेलाच नाही, असं मी मानते.

म्हणून घराचा विचार वरून खाली करावा. आधी आढं आणि छपराचा उतार, मग पडवी, मग जोतं. भिंतींचा विचार सगळ्यात शेवटी. काम अर्थात खालूनच वर चढतं, पण कागदावर हा क्रम ठेवला की निम्मी दुखणी तिथेच टळतात.

जुन्या घरांना हा क्रम कुणी शिकवावा लागला नव्हता. ठाकरवाडीवरचं कारवीचं घर घ्या. मेढी ऐनाच्या नाहीतर सागाच्या. त्यांच्यावर आढं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरलेले वासे, आणि भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेला. छपराचा भार मेढींवर असतो, कुडावर काहीच नसतो. त्यामुळे पावसाने लिंपण धुपलं तर दसऱ्याच्या आधी पुन्हा लिंपायचं, काठ्या कुजल्या तर बदलायच्या. छप्पर जागचं हलत नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून गेली की वाळते, तेव्हा रानात काठ्यांची सुगी असते. पश्चिमेच्या भिंतीला पावसाआधी पेंढ्याचे झाप बांधायचे. आता त्या जागी निळी ताडपत्री दिसते, पण कल्पना तीच आहे.

लाकडाची ही परंपरा किती जुनी असेल, हे बघायचं असेल तर राजमाचीच्या पायथ्याला कोंदिवड्याजवळची कोंडाणे लेणी बघावीत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं ते काम मानतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर तुळयांची टोकं, कठडे, जाळ्या, सगळं दगडात कोरलंय, आणि ते सगळं लाकडी बांधकाम बघून कोरलंय. ती लाकडी घरं दोन हजार वर्षांत मातीला मिळाली. त्यांची नक्कल तेवढी राहिली. पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून धबधबा कोसळतो तेव्हा मी तिथे जाते आणि दर वेळी ती टोकं मोजत बसते.

आता कौलारू घराच्या दुरुस्तीबद्दल जरा सविस्तर, कारण या कामाची माहिती लोकांना कमी आणि भीती जास्त आहे. नेरळच्या जुन्या वस्तीत कौलारू घर गळायला लागलं की घरातला मुलगा पहिलं वाक्य म्हणतो, "पाडून स्लॅब टाकू." पुष्कळदा त्याची गरज नसते. कौलं एकेक उतरवायची आणि बोटाच्या सांध्याने वाजवायची. धड कौल खणखणतं, चीर गेलेलं भद्द वाजतं. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. ही कौलं आपल्याकडे आली त्यामागे बासेल मिशनने 1865मध्ये मंगळूरला काढलेला कारखाना आहे. जुनी कौलं वजनाला जड आणि भाजणीला पक्की. धुऊन, शेवाळ घासून ती पुन्हा चढवता येतात. कौलं उतरली की खाली रिपा दिसतात, रिपांखाली वासे. वासा मधे सहसा कुजत नाही. कुजतो तो भिंतीवर टेकतो तिथे, कारण पागोळीजवळच्या फुटक्या कौलातून पाणी वर्षानुवर्षं त्याच टोकावर उतरलेलं असतं. माझे वडील टोच्याने टोक तपासायचे. लाकूड लागेपर्यंत भुसा काढायचा, मग कुजलेला भाग तिरपा कापायचा, तशाच तिरप्या कापाचा नवा तुकडा त्याला जोडायचा आणि आरपार बोल्ट मारायचे. अख्खा वासा टाकून द्यायचा नाही. शंभर वर्षं वाळलेलं सागवान आज बाजारात मिळत नाही.

उतार 30 अंशांच्या आसपास असावा. कमी ठेवला तर तिरपा पाऊस कौलाच्या सांध्यातून मागे सरकून आत येतो. छप्पर भिंतीबाहेर किमान अडीच-तीन फूट जावं, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतात. याचा खर्च फार नाही. अडचण आहे ती दोन गोष्टींची. पहिली, कौलं शाकारणारे हात कमी झालेत. दुसरी, माकडं. डोंगरकडेच्या घरांवर माकडांची टोळी एकदा धावून गेली की दहा-वीस कौलं फुटतात, आणि दर वर्षी तेच. लोक कौलं सोडून पत्र्याकडे वळले त्यात माकडांचा वाटा मोठा आहे. लोकांना दोष देऊन उपयोग नाही. मी आता कौलाखाली पातळ पत्रा टाकून वर कौलं बसवते. वरचं फुटलं तरी घरात पाणी येत नाही, आणि नुसत्या पत्र्याचा ताप आणि आवाजही होत नाही.

माथेरानच्या बंगल्यांची गोष्ट आणखी वेगळी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850मध्ये वर चढले, मग मुंबईच्या साहेबांनी आणि पारशी-बोहरा कुटुंबांनी तिथे घरं बांधली. 1907मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून छोटी गाडी वर नेली. पण मोटार दस्तुरी नाक्याच्या पुढे आजही जात नाही. म्हणजे सिमेंटची गोण, खडी, सळई, टाइल्सचा खोका, सगळं तिथे उतरवून घोड्यावर किंवा हातगाडीवर घालायचं. खाली ज्या भावाने गोण मिळते त्यात वरच्या वाहतुकीची भर पडते, त्यामुळे माथेरानात काही पाडायच्या आधी माणूस दोनदा विचार करतो. मला हा नियम मनापासून आवडतो. त्याने गवंड्याला काटकसर शिकवली. जुन्या भिंतीचा जांभा उतरवला तर तोच पुन्हा चढवायचा, दरवाजाची चौकट काढली तर ती दुसऱ्या खोलीला लावायची. 2003च्या फेब्रुवारीत माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि नव्या बांधकामाला आणखी चाप बसला. त्या आधीपासूनच तिथे जी कामं नावाजली गेली ती दुरुस्तीची होती. एकोणिसाव्या शतकातलं बार हाऊस नीमराणा समूहाने दुरुस्त करून 'द व्हेरांडा इन द फॉरेस्ट' हे हॉटेल केलं. त्या घराचा जीव त्याच्या लांबरुंद व्हरांड्यात आहे. भिंतीवर पाऊस येऊच नये म्हणून काढलेली ती पडवीच, फक्त साहेबाच्या मापाची.

खाली सपाटीवर गेल्या काही वर्षांत मुंबईच्या वास्तुरचनाकारांनी बांधलेली घरं देशाबाहेरच्या मासिकांतही छापून आली. त्यांतल्या दोन घरांबद्दल लिहायलाच हवं. कर्जतला इर्शाळगडाच्या परिसरातलं 'रिपेरियन हाऊस' हे आर्किटेक्चर ब्रिओ या मंडळींचं काम. शेफाली बलवानी आणि रॉबर्ट वेरिट हे त्याचे रचनाकार. टेकाडाच्या माथ्यावर घर चढवून ठेवण्याऐवजी त्यांनी ते उतारात आत घेतलं आणि छपरावर माती टाकून हिरवळ वाढवली. वरून येणाऱ्याला घर चटकन दिसतच नाही. पडव्यांना उभ्या बांबूंची जाळी आहे, ऊन-पाऊस चाळून आत घेणारी. दुसरं खोपोलीचं, स्पाझ्म डिझाइनचं 'हाऊस कास्ट इन लिक्विड स्टोन', 2013च्या सुमाराचं. जागा काळ्या बेसॉल्टच्या कातळावर होती, म्हणून काँक्रीटमध्ये त्याच काळ्या दगडाची खडी आणि भुकटी घातली. घर कातळातून उगवल्यासारखं वाटतं, त्याला रंग लावावा लागत नाही. इथल्या पावसात बाहेरचा रंग दोन-तीन वर्षांत काळवंडतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला या निर्णयाचं मोल कळेल.

ही श्रीमंतांची सुट्टीची घरं आहेत, त्यांचा खर्च आपल्याला झेपणारा नाही. पण त्यांतले निर्णय झेपण्यासारखे आहेत. जागेवरचा दगड वापरणं, उताराशी न भांडणं, पडवी खोल ठेवणं, याला पैशांपेक्षा विचार जास्त लागतो. मला राग येतो तो त्यांच्या शेजारी होणाऱ्या फार्महाऊस प्लॉटिंगचा. जेसीबी लावून डोंगराचा पाय कापायचा, सपाट पायऱ्या करायच्या, पाण्याच्या जुन्या वाटा बुजवायच्या आणि प्लॉट विकायचे. डोंगराचा पाय कापला की वरचं वजन अडवायला काही उरत नाही. तिथे आधाराची भिंत बांधलीच तर तिच्यात दर चार-पाच फुटांवर पाणी निघायला पाइप ठेवावे लागतात, मागे दगडगोट्यांचा थर भरावा लागतो. मी बघते त्या बऱ्याच भिंतींत एकही भोक नसतं. साचलेलं पाणी मग भिंतीला ढकलत राहतं.

डोंगर काय करू शकतो हे खालापूरला कुणी सांगायला नको. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. 27 जणांचे मृतदेह सापडले, 57 जण सापडलेच नाहीत. वर रस्ता नव्हता, यंत्रं नेता आली नाहीत, माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. वाचलेल्या कुटुंबांना आधी चौक गावाजवळ कंटेनरमध्ये ठेवलं, मग सिडकोने नानिवलीला त्यांच्यासाठी 44 घरं बांधली. त्या रात्रीबद्दल बांधकामाच्या भाषेत बोलणं मला जड जातं. तरी एक सांगते. कुठलीही भिंत, कुठलंही छप्पर त्या रात्री पुरं पडलं नसतं. निर्णय फक्त जागेचा होता. म्हणून आता कुठल्याही वाडीवर काम घेण्याआधी मी घराच्या वरच्या बाजूला चढून जाते. झाडांचे बुंधे एका बाजूला कलले आहेत का, जमिनीला आडव्या भेगा आहेत का, नेहमीचा झरा अचानक गढूळ झालाय किंवा नवीनच जागी पाणी फुटलंय का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारते. त्यांना हे सगळं माहीत असतं. त्यांना विचारलं जात नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ते, घरकुल.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष दुर्बल आदिवासी गटात येतात. कर्जत-खालापुरात कातकरी वाड्या पुष्कळ. 15 नोव्हेंबर 2023ला पीएम-जनमन योजना सुरू झाली आणि त्यात या कुटुंबांना घरासाठी दोन लाख रुपये मिळू लागले. ती सुरू झाली तेव्हा ग्रामीण भागातल्या नेहमीच्या घरकुलाला सपाटीवर एक लाख वीस हजार मिळत होते. पैसे हप्त्यांनी येतात: जोतं झालं की फोटो, भिंती चढल्या की फोटो, छप्पर झालं की फोटो. योजना चांगली आहे आणि तिच्यामुळे प्लास्टिकखाली राहणारी कितीतरी कुटुंबं पक्क्या घरात गेली आहेत. मला बोलायचंय ते छपराबद्दल आणि महिन्यांबद्दल.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको, कधी पोरंही, विटा पाडतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. म्हणजे बांधकामाचे चांगले महिने, मार्गशीर्ष ते फाल्गुन, घराचा मालक वाडीवर नसतो. घर उभं राहतं ते एप्रिल-मेमध्ये, घाईघाईत, ढगांकडे बघत. स्लॅब पडतो मे महिन्यात. स्लॅबला पाणी मारावं लागतं. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट आता राखमिश्रित असतं, त्याला भारतीय मानकाप्रमाणे किमान दहा दिवस ओल हवी, कडक उन्हात त्याहून जास्त. आणि मे महिन्यात वाडीवर पाणी कुठे असतं? घाटाखालच्या एका वाडीवर मी हे दहा दिवसांचं गणित समजावत होते तेव्हा घरातली म्हातारी म्हणाली, "स्लॅपवर कुठलं मारू, बाय? प्यायचा हंडा भराया विहिरीत उतराया लागतंय." मी गप्प बसले. ती बरोबर होती.

पाण्याविना वाळलेला स्लॅब आतून भुसभुशीत राहतो. त्यात खडी-रेती हाताने कालवलेली, पाणी जास्त झालेलं, व्हायब्रेटर नाही, सळईखाली पुरेसं आवरण नाही. दोन पावसाळे गेले की छताला पिवळट डाग पडतात. मग सळई गंजते, फुगते आणि खालचा काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. घरमालक काय करतो? उसनवारी करून स्लॅबच्या वर लोखंडी पाइप उभे करतो आणि पत्र्याची शेड घालतो. कर्जत ते खोपोली रेल्वेने जाताना दोन्ही बाजूंना बघा, अशी दोन छपरांची घरं ओळीने दिसतील. पैसे दोन्हींचे गेलेले असतात.

योजनेत स्लॅबच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. घर पक्कं हवं, नीट देखभालीने 30 वर्षं टिकणारं हवं, एवढीच अट. केंद्राने वेगवेगळ्या हवामानांसाठी घरांचे नमुने काढून 'पहल' नावाने संग्रहसुद्धा छापलाय. पण वाडीवर "पक्कं" म्हटलं की स्लॅब हेच डोळ्यांपुढे येतं, आणि ते मी समजू शकते. ज्यांच्या आजोबांनी गवताखाली दिवस काढले आणि ज्यांनी स्वतः दुसऱ्यांच्या बंगल्यांसाठी विटा पाडल्या, त्यांना वर दुसरा मजला चढवता येईल असं घर हवंय. उद्याची सोय आहे ती. त्यांना मातीच्या घराचं कौतुक ऐकवणं मला बरं वाटत नाही. बाहेरून येणारे पाहुणे ते ऐकवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात.

म्हणून मी दोन पर्याय पुढे ठेवते आणि निवड घरच्यांवर सोडते. पहिला, लोखंडी चौकोनी पाइपांची कैची, वर रंगीत पत्रा, आणि पुढे-मागे तीन फूट बाहेर काढलेलं छप्पर. याला पाणी मारावं लागत नाही, मे महिन्यातही आठवड्यात उभं राहतं, आणि वाचलेल्या पैशांत पश्चिमेला पडवी निघते. पडवीत चूल, लाकूडफाटा, कोंबड्या, मासे पकडायच्या पागाची जागा होते. शिवाय झड पडवी झेलते आणि आतली भिंत कोरडी राहते. दुसरा, स्लॅबच हवा असेल तर तो उतरता. सेंट्रिंगला खर्च थोडा जास्त येतो, पण पाणी थांबत नाही. दोन्हींत छपराच्या कडेला पन्हळ लावून पाइप खाली टाकीत सोडायचा. नऊ टँकरांतलं एक टँकरभर जरी साठवलं तरी गौरी-गणपतीनंतर विहिरीवरचा ताण महिनाभर लांबतो.

आणि महिन्यांचं वेळापत्रक उलटं करायचं. यंदा एका वाडीवर दोन कुटुंबांनी उतरता स्लॅब निवडलाय. जोतं आणि भिंती भट्टीवर जायच्या आधी, दिवाळीपर्यंत उरकायच्या, आणि स्लॅब मार्गशीर्षात टाकायचा, वाडीखालचा ओहोळ वाहता असताना. दोन्ही घरांतली म्हातारी माणसं मागे राहणार आहेत. ओहोळातून पाणी उचलायला डिझेल पंप भाड्याने घेऊ, स्लॅबवर मातीचे आळे करून दोन आठवडे पाणी तुंबवून ठेवू. त्यासाठी भिंतींचा हप्ता कार्तिकात हातात पडायला हवा. फोटो वेळेत चढवायचं काम मी अंगावर घेतलंय, आणि ग्रामसभेत तो विषय लेखी मांडलाय.